टोनी आयोमीच्या तारा कधी उतरल्या?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘ब्लॅक सबाथ’ या इंग्लिश बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्यावर आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात हेवी मेटलला, म्हणजे जड आवाजाच्या रॉक संगीताला, अर्धं पान मिळालं याचा आनंद आहेच. लेखातली मुख्य गोष्ट मात्र अशी: कारखान्यातल्या अपघातात बोटं गेली, म्हणून तारा सैल कराव्या लागल्या, तारा सैल झाल्या म्हणून आवाज जड झाला, आणि असा निव्वळ योगायोगाने हेवी मेटलचा जन्म झाला. ऐकायला छान आहे आणि जगभर अशीच सांगितली जाते. पण तारखा आणि ट्यूनिंग लावून पाहिलं की ती टिकत नाही. शिवाय ती खरी मानून गिटारच्या खुंट्या पिळणाऱ्या मुलांची वाद्यं नंतर दुरुस्तीला येतात. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, काटछाट करावी लागली तर निदान आकडे राहू द्यावेत.

आयोमीचा जन्म १९ फेब्रुवारी १९४८चा, बर्मिंगहॅमचा. अपघात झाला तेव्हा तो १७ वर्षांचा होता. बँडचा पहिला अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात वाजवून झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाजारात आला. दुसरा, ‘पॅरानॉइड’, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. हे दोन्ही अल्बम साध्या, प्रमाण ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा नेहमीच्या सुरात लावून वाजवलेले आहेत. घरात पेटी असेल तर पडताळा घ्यायला दोन मिनिटं पुरतात. ‘पॅरानॉइड’ हे गाणं लावा आणि पेटीवर पांढरी तीन धरा. गाणं तिथेच बसतं. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की येतो तो हाच सूर. आता १९७१च्या तिसऱ्या अल्बममधलं ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ लावा आणि काळी एक धरा. पांढरी तीनपासून काळी एक म्हणजे तीन श्रुत्या नव्हेत (लेखात ‘श्रुती’ हा शब्द सैलपणे वापरला आहे), तीन अर्धस्वर खाली. तारा उतरल्या त्या इथे, आणि त्याही त्या अल्बममधल्या काही गाण्यांपुरत्या. अपघाताला तोवर पाचेक वर्षं होऊन गेली होती. ‘वॉर पिग्ज’, ‘आयर्न मॅन’ आणि बँडच्याच नावाचं ते संथ, अंगावर येणारं पहिलं गाणं, हे सगळं तारा न उतरवता वाजलेलं आहे. म्हणजे आवाजातला जडपणा दुसरीकडून आला होता.

तो कुठून आला हे पाहण्याआधी हाताबद्दलचा घोळ मिटवायला हवा. लेखात म्हटलं आहे की उजव्या हाताची बोटं तुटल्याने त्याला पिक (तार छेडायची पत्ती) धरता येईना. आयोमी डावखुरा आहे. तो पिक डाव्या हातात धरतो. उजवा हात तारा दाबायचा. त्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं पत्र्याच्या कारखान्यातल्या प्रेसमध्ये गेली. टोकं, पूर्ण बोटं नव्हेत. पिकाचा हात असता तर फारसं अडलं नसतं, कारण पिक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत असतं. पण तारा दाबणाऱ्या हाताचं सगळं काम टोकांवर चालतं. तार फ्रेटला (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) पुरेशी टेकली का, जास्त दाबली जाते आहे का, शेजारच्या तारेला बोट लागतं आहे का, हे टोकाची त्वचा सांगते. ती त्वचाच नाही म्हटल्यावर ही खबर फक्त कानाने घ्यायची. डॉक्टरांनी वादन सोडायला सांगितलं. कारखान्याच्या फोरमनने मात्र त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली आणि ऐकून झाल्यावर सांगितलं, की हा माणूस डाव्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवतो आहे. राइनहार्टची दोन बोटं १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत निकामी झाली होती.

आता टोप्या. लेखात एका ओळीत ‘प्लास्टिकच्या टोप्या लावल्या’ असं आटोपलं आहे. खरी कारागिरी तिथेच आहे. भांडी घासायच्या फेअरी लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून तिची गोळी केली. गार झाल्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्या गोळीत बोट शिरेल एवढं भोक पाडलं. मग बाहेरून घासकागदाने तासन् तास घासून तिला बोटाच्या टोकाचा आकार दिला. बोटाला बसली, पण तारेवरून सटकू लागली, कारण प्लास्टिक पोलादी तारेला धरत नाही. वरून काय चिकटवायचं याचे प्रयोग झाले आणि अखेर एका जुन्या जाकिटाचं चामडं कापून लावलं. तेही लगेच जमलं नाही. नवं मऊ चामडं लावलं की तार त्यात रुतते आणि सूर बुजतो. फार कडक लावलं की पुन्हा सटकते. जुनं, वापरून घट्ट झालेलं चामडं घेऊन ते घासून घासून चकचकीत करावं लागलं, म्हणजे तार त्यावर टेकतेही आणि पुढच्या फ्रेटकडे जाताना अडतही नाही.

टोपीच्या जाडीचं गणित याहून नाजूक. फ्रेटबोर्डवर शेजारच्या दोन तारांमध्ये साधारण ७ ते १० मिलिमीटर अंतर असतं. टोपी जाड झाली की ती शेजारची तार बुजवते. पातळ केली की खालच्या हाडावर तार रुतते आणि अर्ध्या तासात बोट सुजतं. या दोन्हींच्या मध्ये जी जागा आहे तिच्यात हा माणूस पन्नासहून अधिक वर्षं वाजवत आला.

टोप्यांनी एक नवी अडचण उभी केली. तार ताणून सूर वर न्यायचा, ज्याला गिटारवाले बेंड म्हणतात, तो टोपीच्या बोटाने नीट साधेना. मग तर्जनी आणि करंगळी ही दोन शाबूत बोटं ते काम करू लागली. करंगळीत जोर कमी, म्हणून तार हलकी हवी. त्या काळी गिटारच्या तारांचे सेट जाड असत. हलका सेट दुकानात मिळतच नव्हता. आयोमीने वरच्या, सर्वांत बारीक दोन तारांच्या जागी बँजोच्या तारा लावल्या आणि बाकीच्या गिटारच्या तारा एकेक घर जाडीकडे सरकवल्या. म्हणजे पाचव्या तारेसाठी बनवलेली तार सहाव्या जागी. पुढे वेल्समधल्या पिकाटो या तारा बनवणाऱ्या कंपनीकडून त्याने हलके सेट तयार करून घेतले. तेव्हा क्रम असा: आधी टोप्या, मग हलक्या तारा, आणि शेवटी, १९७१ मध्ये, सूर उतरवणं. लेखात हा क्रम उलटा झाला आहे. उतरवण्यामागे बोटांची सोय होतीच. शिवाय त्याला तो आवाज आवडला म्हणून त्याने ते निवडलं, हेही विसरू नये. नाइलाज असता तर पहिल्या दोन अल्बमचं काय?

सूर उतरवल्याने तारेवर काय होतं ते आकड्यात सांगतो, कारण इथेच मुलांची फसगत होते. लांबी आणि जाडी तीच ठेवली तर तारेवरचा ताण कंपनांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तीन अर्धस्वर खाली म्हणजे कंपनं सेकंदाला ८२.४ वरून ६९.३ वर, ताण २९ टक्क्यांनी कमी. २४.७५ इंच लांबीच्या गिटारवर ०.०४६ इंचाची जाड तार प्रमाण सुरात सुमारे साडेसात किलोच्या ताणावर असते. काळी एकवर आणली की सव्वापाच किलोच्या आसपास. हे झालं बाजारात सर्रास मिळणाऱ्या सेटचं. आयोमीची पहिली तार पुढे ०.००८ इंचाची असे. नेहमीच्या ०.०१० इंचाच्या पहिल्या तारेवर प्रमाण सुरात सातेक किलोचा ताण असतो, ०.००८ची तार काळी एकच्या हिशेबात उतरवली की जेमतेम तीन किलो. केसासारखी हलते. जरा जोरात दाबली की ताणली जाऊन सूर चढतो. बोटाला स्पर्श कळत असेल तर माणूस आपोआप हात हलका करतो. इथे चामड्याखाली प्लास्टिक आणि प्लास्टिकखाली बधिर टोक. एवढ्या सैल तारेवर कॉर्ड सुरात ठेवणं हे त्याच्या वादनातलं सर्वांत अवघड अंग आहे, आणि कौतुक करणाऱ्यांच्या ते सहसा लक्षात येत नाही.

कोणाला गिटार खरंच काळी एकवर आणायची असेल तर नुसत्या खुंट्या पिळून भागत नाही. ताण कमी झाला की नेकला, म्हणजे गिटारच्या दांडीला, पुढे ओढणारा जोर कमी होतो, पण तिच्या आतली सळई, ट्रस रॉड, मागे ओढतच राहते. नेक सरळ होते किंवा किंचित मागे वाकते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार खरखरते. दुकानात अशा वेळी सरळ ब्रिज (बॉडीवरची तारांची घोडी) उचलून देतात. त्याने खरखर थोडी लपते आणि वरच्या फ्रेटवर वाजवणं जड होऊन बसतं. योग्य क्रम वेगळा आहे. आधी तारांचा गेज, म्हणजे जाडी, ठरवावा: मूळचाच ताण हवा असेल तर प्रत्येक तार १.१९ पट जाड लागते, म्हणजे ०.०१०–०.०४६च्या जागी साधारण ०.०१२–०.०५४चा सेट. मग नट, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाची खाचांची पट्टी, तपासावा. जाड तार जुन्या खाचेत अडकते. खुंटी फिरवताना ‘टिक्’ असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. खाच तारेपेक्षा नखभर रुंद हवी, दोन हजारांश इंच पुरे. ती नटाच्या खास फाइलने करावी. हॅकसॉच्या पात्याने केलेली खाच तळाला चपटी होते आणि मोकळी तार सतारीसारखी झणझणते.

त्यानंतर तारा अपेक्षित सुरात आणून नेक पाहावी. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली पाव मिलिमीटर फट दिसली पाहिजे. फट नसेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करावा, पुन्हा ट्यून करावं आणि थांबावं. लाकडाला वेळ लागतो. एका दमात पूर्ण फेरा फिरवणारे रॉडचे आटे घालवतात, आणि मग दुरुस्तीचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीच्या वर जातो. नेक जमली की बाराव्या फ्रेटवर तारेची उंची: जाड तारेला २ मिलिमीटर किंवा थोडी जास्त, बारीक तारेला दीड. सगळ्यात शेवटी इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसतं बोट लावून येणारा सूर) आणि तिथेच दाबून येणारा सूर एक यायला हवा. दाबलेला चढत असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, म्हणजे तार लांब. उतरवलेल्या जाड तारेचं सॅडल बहुतेक वेळा मागेच न्यावं लागतं. स्प्रिंगवर तरंगणारा ट्रेमोलो ब्रिज असेल तर वरचं काहीही करण्याआधी मागच्या स्प्रिंगचा ताण कमी करावा लागतो. आयोमीच्या गिटारला घट्ट बसवलेला ब्रिज होता, हेही त्याच्या सोयीचंच झालं.

आता जडपणाकडे. तो कसा आला याचं एक उत्तर ॲम्पच्या आधी बसणाऱ्या एका छोट्या डब्यात आहे: डॅलस रेंजमास्टर. पायाखालचा पेडल नव्हे. हा ॲम्पच्या डोक्यावर ठेवायचा. आत एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर, ओसी-४४, नऊ व्होल्टची बॅटरी आणि एकच नॉब. याचं नावच ‘ट्रेबल बूस्टर’, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज वाढवणारा. जाड आवाजासाठी वरची पट्टी का वाढवायची, असा प्रश्न पडायला हवा. कारण असं की ॲम्प फाटेपर्यंत रेटला की खालचे सूर आधी लगदा होतात. त्यांच्यात ऊर्जा जास्त असते, ते ॲम्पला आधी भरून टाकतात आणि बाकी सगळं त्यांच्याखाली बुडतं. आत शिरण्याआधीच खालचा भाग कापला की फाटलेला आवाजही एकेका सुरात वेगळा ऐकू येतो. खालचा भार पुढे ॲम्प, स्पीकर आणि बास गिटार भरून काढतात. आयोमीने हा डबा जरा बदलून घेऊन लेनी या बर्मिंगहॅमच्याच कंपनीच्या १०० वॉटच्या ॲम्पला जोडला. बँडचा बासवादक गीझर बटलर त्याच्या बासवर बहुतेक वेळा तोच रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल) तसाच वाजवत असे, बेंडसकट.

हा डबा घरी बनवणारे आता आपल्याकडेही आहेत. त्यांच्यासाठी दोन सूचना. इनपुटचा कॅपॅसिटर मूळ ०.००५ मायक्रोफॅरडचा आहे, आज ४.७ नॅनोफॅरड मिळतो, तो चालतो. हाताशी आहे म्हणून १०० नॅनोफॅरड टाकला की खालचा सगळा आवाज आत जातो आणि नेमका तो लगदा परत येतो, ज्यासाठी डबा बनवला होता. दुसरं, मूळ सर्किटमध्ये बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं. बाकीच्या पेडलसोबत एकाच अडॅप्टरच्या माळेत हा लावला की शॉर्ट होतो. याला वेगळी बॅटरी द्यावी. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या टोकावर जमिनीच्या तुलनेत उणे ७ व्होल्टच्या आसपास मिळाले तर जुळणी (बायस) ठीक. आणि जर्मेनियम उष्णतेला फार हळवं असतं: तापमान दहाएक अंश वाढलं की गळणारा प्रवाह दुपटीच्या घरात जातो. इंग्लंडच्या थंडीत जुळवलेला डबा मे महिन्यात नागपूरच्या मंडपात तुटक, घोगरा वाजला तर तो बिघडलेला नसतो. संध्याकाळ होऊ द्यावी.

दुसरं उत्तर स्वररचनेत आहे, आणि इथे अपघाताचा वाटा आम्हालाही मान्य आहे. चार-पाच बोटं पसरून धरायचे भरगच्च कॉर्ड त्याला जड जाऊ लागले. मूळ सूर आणि त्याचा पंचम, फार तर वर मूळ सुराचंच सप्तक, एवढ्यावर तो काम भागवू लागला. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. तंबोऱ्याच्या पंचम-षड्जावर कान तयार झालेल्या मराठी वाचकाला त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. पण फाटलेल्या आवाजात या जोडीचं आणखी एक काम चालतं. ॲम्प फाटू लागला की तो दोन सुरांच्या कंपनांची वजाबाकीही वाजवू लागतो. मोकळी जाड तार ८२.४, तिचा पंचम १२३.६, वजाबाकी ४१.२. म्हणजे मूळ सुराच्या बरोबर एक सप्तक खालचा सूर, जो वाजवणारी तार गिटारवर नाहीच. यात शुद्ध गंधार घातला की वजाबाकीचे सूर विसाच्या आसपास दोन ठिकाणी पडतात, ते एकमेकांशी भांडतात आणि नुसती गुरगुर उरते. प्रमाण ट्यूनिंगमधला पहिला अल्बम इतका खोल का वाजतो, याचं आमच्या मते सर्वांत पटणारं स्पष्टीकरण हे आहे.

गिटारचंही थोडं. पहिल्या अल्बमच्या दिवशी आयोमी पांढरी फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेऊन बसला होता. एक गाणं झालं आणि तिचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा चुंबकी भाग) गेला. जवळची दुसरी गिटार, लाल गिब्सन एसजी, काढली आणि तीच कायमची झाली. एसजीला दोन्ही बाजूंनी सारख्या खाचा असतात, त्यामुळे उजव्या हाताची एसजी उलटी धरली तरी वरच्या फ्रेटवर हात तेवढाच पोचतो. नट मात्र बदलावा लागतो, सॅडलची तिरकी मांडणी उलटी करावी लागते, पट्ट्याची खुंटी हलवावी लागते. डावखुऱ्या मुलांना ‘उजव्याची घ्या, सवय होईल’ असं सर्रास सांगतात. तसं न करता निदान समान खाचांची गिटार घेऊन वरचे तीन बदल करून घ्यावेत.

‘सैतानी सुरा’बद्दल लेखात बराच मजकूर आहे. चर्चने या सुरावर मध्ययुगात बंदी घातली होती, असंही लिहिलं आहे. अशी बंदी घातल्याचा पुरावा मिळत नाही. ‘संगीतातला सैतान’ हे नाव नंतरच्या पाठ्यपुस्तकांतलं, ते गायला अवघड अंतर म्हणून पडलेलं. आणि तो सूर आहे तरी कोणता? बँडच्या नावाचं ते गाणं पांढरी पाचला षड्ज धरून पेटीवर वाजवून पाहा: षड्ज, वरच्या सप्तकातला षड्ज, आणि तिथून खाली येऊन तीव्र मध्यम, त्यावर बोटाचा जोरदार कंप. एवढंच. आपल्याकडे यमन शिकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला हाच तीव्र मध्यम पहिल्या काही धड्यांत देतात आणि कोणाच्या अंगात येत नाही. फरक वळणाचा आहे. यमनात तीव्र मध्यमाला पंचमाचा आसरा असतो, तो लगेच वर जाऊन विसावतो. आयोमी त्याला विसावू देत नाही. तिथेच सोडतो, एक क्षण थांबतो आणि पुन्हा षड्जापासून सुरू करतो. ही कल्पना डोक्यात येण्याआधी बटलर संगीतकार गुस्टाव होल्स्टच्या ‘प्लॅनेट्स’मधला मंगळावरचा भाग वाजवत बसला होता, हे बटलरने सांगितलेलं आहे. म्हणजे इथेही योगायोगापेक्षा ऐकण्याचा भाग मोठा.

लेखाचा शेवट ‘अपघात वरदान ठरला’ या वाक्याने होतो. यावर आमची हरकत आहे. आयोमी तिथे वेल्डर होता. प्रेसवरची कामगार त्या दिवशी आली नाही म्हणून त्याला, सवय नसताना, त्या यंत्रावर बसवलं. कारखान्यातला त्याचा तो शेवटचा दिवस होता. भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही ही परिस्थिती नवी वाटणार नाही: बदली माणूस, अनोळखी यंत्र, घाई. पॉवर प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात ती याचसाठी, की दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये आणि एकही हात डायमध्ये (साच्यात) राहू नये. त्यातलं एक बटण पट्टी मारून कायमचं दाबून ठेवलं की उत्पादन वाढतं आणि बोटं जातात. अशी टोकं गमावलेली माणसं आपल्या औद्योगिक पट्ट्यात कमी नाहीत. त्यांच्या अपघाताला कोणी वरदान म्हणत नाही.

बाकी तपशील लेखात बहुतांशी ठीक आहेत. बँडमधले गायक, ड्रमर, बासवाले बदलत गेले आणि प्रत्येक संचात फक्त आयोमी होता, हे बरोबर. १९७९ मध्ये रॉनी जेम्स डिओ गायला आल्यावर त्याच हाताने वेगळ्या, चढ्या चालीचे रिफ बांधले, त्यावर दोन ओळी हव्या होत्या. २०१२ मध्ये लिम्फोमा या कर्करोगाचं निदान झाल्यावर उपचारांच्या मधल्या काळात त्याने अल्बम पुरा केला, हे आलेलं नाही. शेवटचा कार्यक्रम ४ फेब्रुवारी २०१७ चा असं छापलं आहे. तो शेवटच्या दौऱ्याचा शेवट होता. मूळ चौघे त्यानंतर ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर एकत्र वाजले आणि गायक ऑझी ऑस्बर्न २२ जुलैला गेला.

राहता राहिलं छायाचित्र. ते आरशातल्यासारखं उलटं छापलं गेलं आहे. त्यात आयोमी चारचौघांसारखा उजव्या हाताने पिक मारताना दिसतो, आणि टोप्या डाव्या हाताच्या बोटांवर आहेत. गिटारच्या माथ्यावरची ‘गिब्सन’ ही अक्षरं भिंगातून पाहिली तर उलटी वाचावी लागतात. दुरुस्ती छापताना चित्र तेवढं सुलटं करून घ्यावं.

आपले,
गिटार दुरुस्तीचं आणि शिकवण्याचं काम करणारे काही वाचक,
पुणे